पहिल्या वर्षाची नक्षी कोणत्या मापाने मोजावी?



सोयाबीन घरात आले, तूर शेतात उभी आहे, ज्वारी-करडईच्या पेरण्या उरकल्या. या दिवसांत घरोघरी हिशेब चालतो. एकरी उतारा किती पडला, खताचे किती गेले, मजुरीचे किती गेले आणि हातात काय उरले. हिशेबाची सवय चांगलीच आहे. पण दूध पायलीने मोजत नाहीत आणि रान लिटरने मोजत नाहीत. ज्या वस्तूला जे माप, तेच लावावे लागते. आज अशाच एका कामाच्या मापाविषयी लिहायचे आहे. काम शेतीचे नाही, पण शेतकऱ्याच्या घरात शिरले आहे.

साडी, ड्रेसचे कापड, चादर, पडदा यांवर छापलेली नक्षी असते. ही नक्षी कोणी तरी बसून काढलेली असते. शहरात या कामाला सरफेस पॅटर्न डिझाइन म्हणतात. आमच्या भागातल्या चार-सहा घरांतली मुले-मुली हे काम शिकू लागली आहेत. त्यातल्या एका मुलीचे वडील मला मागे म्हणाले, "साहेब, पोरगी वर्षभर कागदावर फुले काढते आहे. रुपाया काही दिसला नाही. हे पीक येणार तरी कधी? नाही तर सरळ शिलाईच्या कामाला लावतो." त्याच मुलीने निघताना मला हळूच विचारले, "काका, मी पुढे सरकले, का जागच्या जागीच आहे? मला तर पहिल्यापेक्षा वाईट जमते असे वाटते."

बापाचा प्रश्न पैशाचा होता आणि लेकीचा मनाचा. पण दोघांची अडचण एकच होती. दोघांपाशीही माप नव्हते. आणि मापाशिवाय केलेला निवाडा चालत्या कामाला मारतो किंवा न चालणारे काम उगाच पोसतो. म्हणून आधी हे काम काय आहे ते पाहू आणि मग त्याचे माप ठरवू.

घरातले एखादे छापील पातळ उलगडा आणि त्यावरच्या एका फुलावर बोट ठेवा. थोड्या अंतरावर तेच फूल, तीच पाने, तोच देठ पुन्हा सापडेल. एक छोटा तुकडा काढायचा आणि तो चहूबाजूंनी असा जुळवायचा की सांधा दिसता कामा नये. या तुकड्याला धंद्यात रिपीट म्हणतात. चित्र चांगले काढणे निराळे आणि रिपीट जुळवणे निराळे. सुरेख गुलाब काढणाऱ्याची नक्षीसुद्धा कापडावर पट्टे पडल्यासारखी दिसू शकते.

आपल्या बायाबापड्यांना हे गणित परके नाही. ठिपक्यांची रांगोळी घालताना ठिपके दोन तऱ्हांनी मांडतात. एक सरळ ओळीखाली ओळ, दुसरी दोन ठिपक्यांच्या मधल्या जागी. फळबागेची लागण चौरस पद्धतीने करतात किंवा त्रिकोणी पद्धतीने करतात, तसेच हे. नक्षीतही तुकडे सरळ रांगेत ठेवतात किंवा शेजारची रांग अर्ध्या तुकड्याने खाली सरकवतात. ही दुसरी मांडणी जमली की डोळा कापडावर फिरत राहतो आणि तुकडा कोठे संपला ते कळत नाही.

सांधा जुळवण्याची जुनी रीत कागद-कात्रीची आहे. कागदाच्या मधोमध चित्र काढायचे, कडेला टेकू द्यायचे नाही. मग कागद उभा कापून डावा भाग उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायचा, मागून चिकटपट्टी मारायची. नंतर आडवा कापून वरचा भाग खाली आणि खालचा वर लावायचा. आता चित्र चार कोपऱ्यांत गेले आणि मध्ये मोकळी जागा आली. ती भरली की रिपीट तयार होते. संगणकावरही हेच होते, फक्त कात्री लागत नाही.

कारखान्याचेही नियम असतात. मोठ्या छपाईत जाळीच्या गोल नळ्यांतून रंग कापडावर उतरतो. अशा नेहमीच्या नळीचा घेर ६४ सेंटीमीटर असतो. म्हणून नक्षीची उंची ६४, ३२ किंवा १६ अशी त्यात पूर्ण भाग जाणारी ठेवावी लागते. कोणी पंचवीस सेंटीमीटरची नक्षी काढली तर ती दोनदा बसते आणि चौदा सेंटीमीटर उरतात. प्रत्येक रंगाला निराळी नळी लागते. म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. चार रंगांत जे सांगता येते त्याला आठ रंग वापरणे म्हणजे एका पोत्याच्या जागी दोन पोती युरिया टाकणे.

एवढे सगळे पहिल्या वर्षात शिकायचे असते. यातले रुपायात काहीच दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे झाले नाही, असे नव्हे. राजस्थानात बगरू येथे आणि कच्छमध्ये अजरखपूर येथे लाकडी ठशांनी कापड छापतात. तेथे लाल रंगासाठी कापडावर आधी तुरटीचा ठसा मारतात. तो इतका फिका असतो की नवख्या माणसाला वाटावे, येथे काही छापलेच नाही. पुढे तेच कापड मंजिष्ठेच्या किंवा अलिझरीनच्या रंगात उकळले, की जेथे तुरटी तेथे लाल उठून दिसतो. काळ्या रंगासाठी गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात घालून बरेच दिवस आंबवतात, आणि छापण्याजोगा दाटपणा यावा म्हणून त्यात चिंचोक्याचे पीठ घालतात. त्या मडक्यात तिसऱ्या दिवशी डोकावून कोणी विचारले की काळा कोठे आहे, तर कारागीर काय सांगणार?

आता लेकीच्या प्रश्नाकडे येतो. पहिल्यापेक्षा वाईट जमते असे तिला का वाटावे? आमच्या शेतीशाळेत हा अनुभव दरसाल येतो. कपाशीच्या रानात बसून आम्ही किडी ओळखायला शिकवतो. मावा कोणता, तुडतुडा कोणता, पानाच्या मागे काय पाहायचे, मित्रकीटक कोणते. चार आठवडे झाले की एखादा शेतकरी घाबरून म्हणतो, "साहेब, यंदा किडी फार वाढल्या." खरे म्हणजे किडी होत्या तेवढ्याच असतात. वाढलेली असते ती त्याची नजर.

नक्षी शिकणाऱ्याचेही असेच होते. नजर हाताच्या पुढे धावते. पहिल्या महिन्यात काढलेले फूल तेव्हा छान वाटले, कारण त्यातला दोष दिसतच नव्हता. आता देठ कडक दिसतो, दोन फुलांमधली जागा ओकीबोकी दिसते, सांध्यावर पान तुटलेले दिसते. हात सुधारला आहे, पण नजर त्याहून अधिक सुधारली आहे. म्हणून मन खट्टू होते. मुलींनो, मुलांनो, दोष दिसू लागले म्हणजे तुमची उगवण झाली असे समजा. काळजी करायची ती जुने काम अजूनही निर्दोष वाटत असेल तर.

या धंद्यात ज्याचे नाव आजही आदराने घेतात त्या विल्यम मॉरिस या इंग्रज गृहस्थाचे उदाहरण पाहा. त्याचा जन्म १८३४ चा. १८६२ साली त्याने भिंतीच्या कागदासाठी आपली पहिली नक्षी काढली. घराच्या बागेतल्या लाकडी जाळीवर चढलेल्या गुलाबाची ती नक्षी होती. गुलाब त्याने काढला, पण पक्षी त्याला मनाजोगे येईनात. म्हणून ते त्याचा मित्र, घरे बांधणारा फिलिप वेब, याने काढून दिले. कागद स्वतः छापावा म्हणून मॉरिसने जस्ताच्या पत्र्यांवर खटपट केली, ती फसली. शेवटी लाकडी ठशांचे काम जाणणाऱ्या दुसऱ्या कारखान्याकडे छपाई द्यावी लागली. आपल्या मापाने मोजले तर पहिल्या हंगामात दुबार पेरणीच झाली म्हणायची.

पण तो थांबला नाही. १८७५ पासून लीक नावाच्या गावी एका रंगाऱ्याच्या कारखान्यात जाऊन तो रंगाच्या कढईपाशी उभा राहिला. निळीने हात कोपरापर्यंत निळे झाले. १८८१ मध्ये त्याने मर्टन येथे स्वतःचा कारखाना घातला. तेथे सगळे कापड निळीत बुडवून, मग हवे तेथे नीळ उडवून नक्षी काढायची अवघड रीत त्याने बसवली. आणि १८८३ साली ‘स्ट्रॉबेरी थीफ’, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर, ही नक्षी काढली. त्याच्या बागेत जाळीखाली शिरून पाखरे स्ट्रॉबेरी खात. महाबळेश्वर-पाचगणीच्या बागायतदारांना हे दुखणे सांगायला नको! आपण पाखरांना हाकलतो, मॉरिसने त्यांना कापडावर बसवले. ते कापड आजही विकले जाते. १८६२ ते १८८३ म्हणजे एकवीस वर्षे झाली.

तुम्ही एकवीस वर्षे थांबा असे मी सांगत नाही. शेतकऱ्याच्या घराला ते परवडणारे नाही. मॉरिसच्या घरी पैसा होता, तुमच्या घरी सोसायटीचे कर्ज असेल. या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच, की तो दरवेळी एक निराळी गोष्ट शिकत होता. आधी जुळणी, मग ठसा, मग रंग, मग नीळ. प्रगती ओळखायची ती येथे. काल जे येत नव्हते ते आज काय येते?

हे कळण्यासाठी वही हवी. आम्ही पीक प्रात्यक्षिक घेतो तेव्हा सुधारित पद्धतीच्या शेजारी नेहमीच्या पद्धतीचा एक तुकडा मुद्दाम राखतो. तुलना केल्याशिवाय फरक डोळ्यांत भरत नाही. शिकणाऱ्यानेही तुलनेचा वाफा राखावा. एक विषय ठरवा. समजा, कपाशीचे बोंड. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तेच बोंड, त्याच आकाराच्या कागदावर, तेवढ्याच वेळात काढा आणि त्याचे रिपीट जुळवा. मागे तारीख घाला. वाईट निघाले तरी फाडू नका. फाडलेल्या कागदाशी तुलना करता येत नाही.

बाकीच्या कामासाठी वहीत सहा रकाने पाडा. तारीख. नक्षी कशाची. रंग किती. मांडणी सरळ की सरकवलेली. सांध्यात दोष कोठे राहिला. आणि या वेळी नवे काय आले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो लागोपाठ तीन महिने कोरा राहिला तर समजा, हात चालतो आहे पण शिकणे थांबले आहे. मग शिकवणाऱ्याला गाठा, विषय बदला, कापडावर छापून पाहा.

दर तीन महिन्यांनी सगळे कागद ओसरीवर अंथरा आणि घरच्यांना बोलवा. मी त्या मुलीला हेच करायला सांगितले होते. उन्हाळ्यात तिने कागद मांडले तेव्हा मी तेथे होतो. वडील आधी कोरडेपणाने पाहत होते. मग एका कागदापाशी बसले आणि म्हणाले, "ही करडई आहे का? करडईच्या पानाला काटा असतो. असे गुळगुळीत पान आपल्या रानात कोठे पाहिलेस?" मुलीने पुढचे दोन कागद दाखवले. दुसऱ्यात काटे होते पण मांडणी दाटीची होती. तिसऱ्यात काटेही होते आणि मोकळी जागाही होती. वडिलांनी तिन्ही कागद ओळीने ठेवले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्यापेक्षा तिसरी बरी आहे." बक्षिसाचे बोलणे नव्हते ते, पण त्यात माप होते. त्यांनी आणखी एक वर्ष दिले. अटही घातली, की शिलाई शिकून निम्मा दिवस ते काम करायचे. मुलीने मान्य केले. मला दोघांचेही बरोबर वाटले. तुरीत सोयाबीनचे आंतरपीक घेतो ते याचसाठी. लांबणीचे पीक उभे असताना आधी येणाऱ्या पिकाने घर चालावे.

आता घरच्या मंडळींनी कोणत्या वेळी काय विचारावे ते सांगतो. हे माझ्या अनुभवाचे माप आहे, सरकारी परिपत्रक नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत एवढेच विचारा की नेमाने बसते का आणि किती नक्षी पुऱ्या केल्या. अर्धवट सोडलेल्या मोजायच्या नाहीत. ही उगवण. पुढच्या सहा महिन्यांत चार कागद शेजारी ठेवून सांधा शोधा. तुम्हाला सापडला नाही तर फुटवे चांगले फुटले. दुसऱ्या वर्षी एखादी तरी नक्षी प्रत्यक्ष कापडावर छापून पाहिली का, आणि एकाच विषयाच्या पाच-सहा नक्षी एकमेकींना शोभतील अशा काढता येतात का, ते पाहा. धंद्यात सुटी नक्षी एकटी जात नाही, मोठ्या फुलाबरोबर बारीक बुट्टी आणि पट्टाही मागतात. हा फुलोरा. दाण्याचा प्रश्न त्यानंतर विचारावा. मात्र उगवणच झाली नसेल, वहीची पाने कोरी असतील, तर मोड करायलाही कचरू नका. न उगवलेल्या रानाला पाणी देत बसणे हाही शहाणपणा नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर सुरुवातीला कागद, पेन्सिल, कात्री आणि रंग पुरतात. संगणकासाठी दुभती म्हैस विकू नका आणि पीककर्जाचा पैसा तिकडे वळवू नका. कागदावर सांधा जुळू लागला, मग यंत्राचा विचार.

एक सावधगिरी. नवी नक्षी काढली की ती मोबाइलवर चार जणांना दाखवायचा मोह होतो. आपल्या देशात २००० सालचा डिझाइन कायदा आहे. त्याखाली नोंद केलेल्या नक्षीला दहा वर्षे आणि मुदत वाढवली तर आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण अर्ज करण्याआधी ती जगजाहीर झालेली असेल तर नोंद होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदता येण्याजोगी नक्षी न नोंदता तुमच्या संमतीने कारखान्यात पन्नासाहून अधिक नगांवर छापली गेली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिचा कॉपीराइट संपतो. प्रत्येक नक्षीची नोंद करा असे नाही. पण विकण्याजोगी वाटते ती आधी जाणकाराला विचारल्याशिवाय बाहेर काढू नका. येथेही तारीख घातलेली वही उपयोगी पडते.

शेवटी काय काढावे याविषयी. शिकणारी पोरे मोबाइलवर पाहून परदेशी फुले-पाने काढतात. हात वळण्यासाठी ते ठीक आहे. पण तसली फुले हजारो जण काढतात. अंबाडीचे फूल, तुरीची शेंग, हरभऱ्याचा घाटा, ज्वारीचे कणीस उन्हात कसे दिसते, हे त्यांना कोठून कळणार? पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची वारली चित्रे कागदावर आणली. भाताची लावणी, मासेमारी, तारप्याचा नाच, सारे आपल्याच पाड्याचे. ते काम देशोदेशी गेले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पैठणीच्या पदरावरही मोर आणि राघू आहेत, ते कोणी परदेशातून आणले नाहीत. ज्या दिवशी तुमच्या वहीत कोणाचे पाहून न काढलेले, आपल्या बांधावरचे पहिले पान येईल, त्या दिवशी त्या पानाच्या कोपऱ्यात खूण करून ठेवा.

तेव्हा वही आजच घाला. पहिल्या पानावर तारीख टाका आणि जसे येईल तसे बोंड काढा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्याच्या शेजारी दुसरे काढा. आणि घरच्यांनो, पुढच्या संक्रांतीला तीळगूळ देताना एकदा ती वही मागून पाहा. पाहताना फुले छान आहेत की नाहीत एवढेच पाहू नका, पहिल्या पानाहून शेवटचे पान कोठे निराळे आहे ते शोधा.

पुढच्या अंकात रब्बी ज्वारीवरील खोडमाशी आणि पोंगेमर यांविषयी.